नाव घेत नाही, प्रभू

आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "आई म्हणू नगं. आई तुला हाय. मला आत्या म्हण, म्हंजे भांडायला बरं पडतंय." इतकी रोखठोक बाई. घर, भांडीकुंडी, माझा नवरा, सगळं त्यांनी नीट सांभाळलेलं. फक्त देवाशी बोलायला लागल्या की त्यांचा तोल जातो.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. दोन गाणी, शास्त्रातला म्हणजे बायबलातला एक अध्याय, मग डोळे मिटून एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी चहा-चिवडा. कुणाला अडचण असली तर ती सगळ्यांनी मिळून देवापुढं मांडायची. अडचण खाजगी असेल तर नाव घ्यायचं नाही, असा नियम आहे. आत्या हा नियम काटेकोर पाळतात. नाव त्या कधीच घेत नाहीत. पत्ता सांगतात.

"प्रभू, एका भावासाठी मी तुझ्यापाशी येती. नाव घेत न्हाय. आसरा चौकातनं आत वळलं की पाण्याची टाकी लागती, टाकीमागं पिवळं घर, तितला हाय. त्याला बसता येईना झालंय, बापा. आज बी बिचारा दारापाशी उभाच हाय." डोळे मिटलेल्या सगळ्या मंडळीनं एक एक डोळा उघडून दाराकडं पाहिलं. त्या भावानं पुढच्याच आठवड्यात मूळव्याधीचं ऑपरेशन करून घेतलं. आत्या मला म्हणाल्या, "बघितलंस? ऐकली की न्हाय प्रार्थना?"

मी एकदा विचारलं होतं, "आत्या, देवाला पत्ता लागतो का?"

"जगात माणसं किती हायती! एकाचं दुसऱ्याला जाऊ ने म्हणून सांगावं लागतंय की."

यावर वाद घालता येत नाही. मी गणित शिकवते, आणि ज्या माणसाला उदाहरणच मान्य नाही त्याच्यापुढं उत्तर काढून उपयोग नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता माझं सांगते, कारण आत्यांना नावं ठेवायची आणि स्वतः सोवळं राहायचं हे बरं दिसत नाही. आमच्या महिला मंडळात मी भाषणं देते. विषय ठरलेला: जीव ही देवाची देणगी. आईच्या पोटात जो जीव धरतो तो पहिल्या दिवसापासून देवाच्या ओळखीचा असतो, असं मी मानते. लहानपणी माझ्या आईनं मला मांडीवर घेऊन हे सांगितलं होतं आणि मला ते इतकं आवडलं होतं की आपल्याला कुणीतरी आधीपासून ओळखत होतं या आनंदात मी दिवसभर अंगणात उड्या मारत होते. ते मी अजून मानते. उड्या तेवढ्या बंद झाल्या.

भाषण रंगतदार व्हावं म्हणून मी एक वाटी मोड आलेली मटकी घेऊन जायचे. एक दाणा चिमटीत धरून विचारायचे, "सांगा बरं, हिच्यात जीव कधी आला? मोड दिसला तेव्हा? की आधीच होता?" बायका गंभीर व्हायच्या. माझा हा मटकीचा प्रयोग अकलूजच्या मंडळीपर्यंत पोचला होता. तिथल्या महिला मंडळानं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. एकदा मात्र चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेतल्या पोरांपुढं तो केला आणि एका चिमुरडीनं हात वर करून विचारलं, "टीचर, मग आपण उसळ का खातो?" मी तिला सांगितलं की माणूस वेगळा आणि मटकी वेगळी. "मग मटकी कशाला आणली?" ती म्हणाली. मी गाणं सुरू केलं.

तर अशी मी. बेचाळिसावं सरत आलेलं, मुलगी बारावीला, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी चहाबरोबर. पाळी चुकली तेव्हा मला वाटलं, चला, सुटले एकदाची. मैत्रिणींना आता पुढं काय काय होतं ते विचारून ठेवलं. कॅल्शियम सुरू केलं. पण एका सकाळी शेंगाच्या चटणीचा डबा उघडला आणि मला तोंडावर पदर धरून मोरीकडं पळावं लागलं. सोलापूरच्या बाईला शेंगाचटणीनं मळमळावं म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

तपासायची पट्टी आणायची तर जुळे सोलापुरात सोय नव्हती. आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात. म्हणून रिक्षा करून नवी पेठेत गेले. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हाळ्यात इथल्या सगळ्याच बायका अशा हिंडतात, त्यामुळं सख्खी बहीणसुद्धा ओळखू येत नाही. दुकानात शिरून मी हळूच म्हटलं, "एक ते द्या," तोच मागून आवाज आला, "जय ख्रिस्त, बाई!"

आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी होत्या.

"तुम्ही ओळखलंत कसं?"

"चालण्यावरून. तुम्ही दुकानातसुद्धा वर्गात शिरल्यासारख्या शिरता."

दुकानदार विचारत होता, "एक ते म्हणजे काय, ताई?" मी म्हटलं, "खोकल्याचं औषध." "अजून?" "बाम." पाळकीणबाई हलायला तयार नव्हत्या. मी कुरुपाची पट्टी घेतली, ग्लुकोजचा डबा घेतला, कमरेचा पट्टा घेतला, शेवटी डोळ्यांत घालायचे थेंब घेतले. पाळकीणबाईंचा चेहरा उतरत गेला. "बाई, घरात एवढं आजारपण आणि तुम्ही प्रार्थनेत सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. तपासायची पट्टी मी तिथून चार दुकानं पलीकडं जाऊन घेतली, आणि घरी आल्यावर तिनं सांगायचं ते सांगितलं.

माझे यजमान घाबरले की स्कूटर धुतात. मी बातमी सांगितली तेव्हा संध्याकाळ होती, तरी ते बादली घेऊन खाली गेले. बऱ्याच वेळानं वर आले आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं." मला संताप आला. हा माणूस भाजी कुठली आणू हे विचारायला शाळेत फोन करतो, आणि इथं म्हणतो तू म्हणशील तसं. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा की," मी म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मला तुझी काळजी वाटते." मग पुन्हा खाली गेले. त्या आठवड्यात आमच्या कॉलनीत एवढी लख्ख स्कूटर दुसरी नव्हती.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, वय आहे, दाब जास्त आहे, दोघांनाही त्रास होऊ शकतो. होईलच असं नाही. पण घरी नीट विचार करा. नको असेल तर कायद्यानं मुभा आहे. पंधरा दिवसांनी येऊन मला सांगा. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन चुकीच्या चपला घालून घरी आले.

आता खरं सांगते. ते मूल मला नको होतं असं नाही, आणि हवं होतं असंही नाही. मला भीती वाटत होती. मरायची भीती. बारावीतल्या पोरीला मागं ठेवून जायची भीती. आणि त्याच्या जोडीला लाज, कारण शाळेत नववीतली पोरं काय म्हणतील तेही डोळ्यांसमोर येत होतं. एवढी वर्षं ज्यावर बोलले ते आता माझ्या अंगावर आलं होतं, आणि आतून कुणी भाषण देत नव्हतं. मी देवाला एवढंच म्हणत होते की मला हे एकटीला ठरवू दे. मंडळीला कळलं तर मला हो म्हणावंच लागेल. मटकीवाल्या बाईला नाही म्हणायची सोयच कुठं होती? आणि तो हो लोकांच्या भीतीनं आलेला असेल. मला तसा नको होता. माझा विश्वास खरा आहे की नुसता माईकपुरता, हे मला एकदा कुणी बघत नसताना कळायला हवं होतं.

आत्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगायची गरजच पडत नाही. सकाळी मोरीतून बाहेर आले तर त्या दारात तांब्या घेऊन उभ्या. "मला शिकवती व्हय? पाच बाळंतपणं केल्यात मी," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आत्या, अजून काही ठरलं नाही, डॉक्टरांनी विचार करायला सांगितलंय, दाब वाढलाय. कुणालाही बोलू नका. आत्यांनी हात ठेवायला शास्त्र मागितलं. मी म्हटलं, एवढं नको. तरी त्यांनी ठेवला. "माझ्या तोंडातनं एका माणसाला शबूद जायचा न्हाय."

त्या शुक्रवारची सभा आमच्याच घरी होती.

हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. मंडळी भरपूर. समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीणही आली होती. ती बौद्ध आहे, कचेरीत नोकरीला आहे. आमची गाणी तिला आवडतात आणि आत्यांचा चिवडाही. गाणी झाली, अध्याय झाला, सगळ्यांनी डोळे मिटले. दोघातिघांच्या प्रार्थना झाल्यावर आत्यांनी घसा साफ केला.

"प्रभू, एका भगिनीसाठी मी तुझ्यापाशी येती. नाव घेत न्हाय."

मी एक डोळा उघडून आत्यांकडं पाहिलं. पण मी म्हटलं, शपथ घेतलीय त्यांनी.

"बेचाळीस वय हाय, बापा. पदरात एक लेक हाय, बारावीची. अशा वयात तू तिची कूस पुन्हा उघडलीस, लई थोर हाईस. पर तिचं बीपी वाढलंय. शाळंत शिकवती, प्रभू. गणित."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

"कुटं ऱ्हाती त्ये मी सांगत न्हाय. पर आज तू जिथं हाईस, प्रभू, तितंच हाय ती. सैपाकघराच्या दारात बसलीया. हिरव्या साडीत. तिला सांभाळ. आनि ही गोष्ट तुझ्या माझ्यात गुपित ऱ्हाऊ दे. आमेन."

"आमेन!" सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. इतका जोरदार आमेन आमच्या घरात त्याआधी कधी झाला नव्हता.

मी उठून चहा ओतायला गेले तर हातातला ट्रे कुणीतरी काढून घेतला. "तुम्ही बसा, बाई." कुणी पाठीमागं उशी दिली. कुणी काही विचारलं नाही, कारण गुपित होतं ना. सगळ्याजणी नुसत्या हसत होत्या आणि माझ्या पोटाकडं न बघण्याचा एवढा प्रयत्न करत होत्या की त्यातल्या एकीनं चहा सतरंजीवर सांडला. माझे यजमान बादली शोधायला लागले.

समोरची मैत्रीण स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्यात गुपितं अशीच ठेवतात का गं?"

मला रडू यायचं ते हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. ती म्हणाली, "घाई करू नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आपण नाचायलाच पाहिजे असं नाही."

पण टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू आले. तिसऱ्या दिवशी लोकरीची टोपडी आली. एप्रिलच्या सोलापुरात, जिथं दुपारी नळाचं पाणीसुद्धा पोळतं तिथं, कानाला बांधायची लोकरीची टोपडी. कुणीतरी फोन करून सांगितलं, "बाई, आजवर सगळे नुसते बोलत होते, तुम्ही करून दाखवताय!" जसं काही मी मटकीच्या प्रयोगाचा पुढचा भाग म्हणून हे मुद्दाम केलं होतं. आणि पाळकीणबाईंनी निरोप धाडला की येत्या रविवारी मी उपासनेत साक्ष द्यावी, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगावं. शिवाय त्या दिवशीची औषधं कुणासाठी होती तेही त्यांना आता कळलं होतं, फक्त कमरेच्या पट्ट्याचा उलगडा होत नव्हता.

माझा हो माझ्याआधीच सगळ्यांनी म्हणून टाकला होता.

मी आत्यांवर तुटून पडले. "शास्त्रावर हात ठेवला होता तुम्ही!"

"ठेवला होता की. एका माणसाला सांगितलं न्हाय मी."

"चाळीस माणसं बसली होती हॉलमध्ये!"

"मी देवाला सांगत हुते. त्यांनी ऐकलं त्याला मी काय करू? कान झाकून घ्यायचे हुते."

"आणि हिरवी साडी? हिरव्या साडीची काय गरज होती, आत्या?"

आत्यांनी पदर सारखा केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दारात दोघी बसल्या हुत्या."

त्यांच्याशी मी बोलणं बंद केलं. आमच्या घरात अबोला म्हणजे मोठी अडचण, कारण मिठाचा डबा कुठं आहे ते फक्त आत्यांना माहीत असतं. मी अळणी भाजी केली. यजमान काही न बोलता खायचे. आत्यांनी प्रायश्चित्त म्हणून उपास-प्रार्थना धरली. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, असं त्यांनी मला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीला सांगितलं. दुपारी मी पाणी प्यायला उठले तर चिवड्याच्या डब्याचं झाकण वाजत होतं. मी काही बोलले नाही. अबोला होता ना.

मुलगी त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी नीट बोलत नव्हती. तिच्या वर्गातल्या मुलींना कळलं होतं. त्यातल्या एकीची आजी त्या शुक्रवारी आमच्या सतरंजीवर बसली होती. एका संध्याकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. मी साक्ष लिहायला बसले होते आणि कागद कोराच होता.

"मम्मी, तुला नकोय का ते?"

"असं विचारतात का कुणी?"

"कुणीच विचारलं नाहीये तुला. म्हणून विचारतेय."

मी पेन खाली ठेवलं. ती पलंगावर बसली आणि नखं कुरतडायला लागली. मग म्हणाली, "तुझं भाषण मला पाठ आहे. लहानपणापासून ऐकतेय. त्यात बाळ असतं, देव असतो, डॉक्टर असतात, मटकी असते. पण त्या बाईला भीती वाटते असं तू कधीच म्हटलं नाहीस. मला वाटायचं, चांगल्या बायकांना वाटतच नसेल."

"वाटते," मी म्हटलं. "मला फार भीती वाटतेय गं."

"मलापण," ती म्हणाली. आणि एवढी मोठी घोडी, ओढणीत तोंड घालून रडायला लागली. ती घरातल्या गर्दीसाठी रडत नव्हती, मैत्रिणींच्या चिडवण्यासाठीही नाही. "तुला काही झालं तर?" एवढंच ती म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं. साक्षीचा कोरा कागद आमच्या खाली चुरगळला. रविवारी मी चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप दिला, आणि ते खरंच दुखत होतं.

डॉक्टरांकडं जायच्या दिवशी यजमानांना रजा मिळेना. आत्या लुगडं बदलून तयारच बसल्या होत्या. आमचा अबोला चालू होता, त्यामुळं "चला" असं मी भिंतीला म्हटलं आणि त्या उठल्या.

दवाखान्यात सगळ्या कोवळ्या पोरी बसल्या होत्या. कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या हातात नवऱ्याचा हात. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कुठाय? मागून येतेय का?"

"मीच," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे डिलिव्हरीवाली पेशंट."

"बाळ, मीच," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, आणि तिनं पटकन उभं राहून मला खुर्ची दाखवली. त्या खुर्चीवर दुसरी एक पोरगी बसली होती, तीही उठून उभी राहिली. सगळा दवाखाना हजेरी द्यायला उभा राहतो की काय असं वाटलं.

आमचा नंबर आला. आत्या माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. पदर तोंडाला लावला होता. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी भाईर बसती. तुझं तू बोल." आणि जाऊन बाकावर बसल्या. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर राहतेय. कुठल्याही दाराबाहेर त्या आपणहून बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. मग हात टेबलावर ठेवून विचारलं, "काय ठरवलंत?"

खोलीत आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. मंडळी नव्हती, लाडू नव्हते, टोपडी नव्हती. पंखा तेवढा फिरत होता. मी वाट बघितली की आता माझ्या आतून ते नेहमीचं सगळं उसळून येईल, मोठ्या आवाजात. काही आलं नाही. आठवली ती माझ्या आईची मांडी, आणि तेव्हाचा तो आनंद, की आपण कुणाच्या तरी ओळखीचे आहोत. हे जे पोटात होतं त्यालाही कुणीतरी ओळखत असणार. मलाही ओळखत असणार, बेचाळीस वर्षांपासून, दाबासकट.

"ठेवायचंय," मी म्हटलं. आवाज अगदी बारीक आला. "पण डॉक्टर, मलाही राहायचंय."

"दोघांसाठी बघू," त्या म्हणाल्या आणि गोळी बदलून लिहायला लागल्या. मीठ बंद, आठवड्याला तपासणी, शाळेत जिने चढायचे नाहीत. मीठ बंद म्हटल्यावर मला वाटलं, घरात सवय झालीच आहे.

बाहेर आले तर आत्या तशाच बसल्या होत्या, पदर तोंडाला गच्च धरून. त्यांनी डोळ्यांनी विचारलं नाही, भुवई वर केली नाही. रिक्षात बसलो. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी बाळाचं विचारलं की म्हणणार होते, शुक्रवारी देवालाच विचारा, तो सगळ्यांना सांगेल. चांगलं झोंबणारं वाक्य होतं आणि राग अजून शिल्लक होता.

पण त्या विचारेनात. रस्त्यात खड्डा आला, रिक्षा उडाली, आणि आत्या पुढं वाकून ओरडल्या, "हळू की रं बाबा! पेशंट हाय आत!"

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. "कौन पेशंट, अम्मा? क्या हुआ?"

आत्यांचं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले. आता वय येणार, बारावीची लेक येणार, साडीचा रंग येणार.

"मीच," आत्या म्हणाल्या. "गुडघा हाय माझा."

आत्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. आजही त्या तीन मजले न थांबता चढतात आणि खोटं बोलणाऱ्याला नरकात कुठं बसवतात तेही त्यांना माहीत आहे. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या समोर बघत होत्या. आसरा चौक ओलांडला, वळण आलं, तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या आणि जेमतेम ऐकू येईल असं विचारलं, "बीपी किती आलं तुजं?"

माझं तयार वाक्य मला सापडलंच नाही. मी त्यांना आकडा सांगितला. म्हटलं, जास्तच आहे, पण गोळी बदलून दिलीय, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्यात की लक्ष ठेवतील. आत्यांनी मान हलवली, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पुढं काही विचारलं नाही. बाळाचं त्या विचारणार नव्हत्या. घर येईपर्यंत काय, मी सांगेपर्यंत जन्मात विचारणार नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. मग मीच वाकून त्यांच्या कानात सांगितलं.

आत्या ढसाढसा रडायला लागल्या. रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि काळजीनं मागं बघितलं.

"बहोत दुखता क्या, अम्मा?"

"व्हय रं लेकरा," आत्या माझा हात न सोडता म्हणाल्या, "लई दुखतंय."